पुजलेला कॉम्प्युटर उठंना

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

गेलती की! भुर्रदिशी गेली आन् भुर्रदिशी आली. तू झेंडू आणायला गेलतीस नव्हं का, तवाच.

असं मी सुनंच्या तोंडावर बोलले. स्वप्नालीनं इचारलं हुतं, आई, लाईट गेलती का म्हणून. माझं उत्तर असं टपकन पडलं की माझी मीच चाट पडले. ती बिचारी "तरीच" म्हणाली आन् परत त्या काळ्या पडद्याम्होरं जाऊन बसली.

लाईट कुठली जातीया. पिन मी काढली.

डॉक्टरनी रोजची साखर लिवायला सांगितली म्हणून ही डायरी धरली. निस्तं आकडं लिवून कट्टाळा आला, मग घरातलंच लिवायला लागले. माझी शाळा सातवीपतोर, गगनबावड्याकडच्या वाडीत. तिकडं पाऊस एवढा की निम्मी शाळा पाण्यात गेली. पण अक्षर चांगलं हाय. वहीत लिवताना लाज वाटावी असं कधी घडलं नव्हतं.

तर झालं असं. खंडेनवमीला आमच्यात हत्यारं धुवून पुसून मांडायची, हळदीकुकू लावायचं, फूल वाहायचं, आन् दुसऱ्या दिशी दसऱ्याचं सोनं वाटून हुईपतोर त्यास्नी हात लावायचा न्हाय. विळा, खुरपं, कडबाकुट्टी, माझ्या पोराचं, विश्वजितचं पाने, त्येची मोटारसायकल, सगळी निजवायची. मालक गेल्यापास्नं ही पूजा मीच करते. पयल्या वर्षी शेजारची बनाबाई कुजबुजली, इधवेनं कुकू लावायचं का म्हणून. मी म्हणाले, "बना, इळ्याला नवरा लागत न्हाय." तवापास्नं गप हाय.

औंदा नवीन हत्यार म्हंजे स्वप्नालीचा कॉम्प्युटर. मधल्या खोलीत, खिडकीखाली. तिथं आधी मी जोंधळं निवडत बसायची. आता तिथं म्याडम बसत्यात. पूजा करायला गेले तर यंत्र चालूच. पडद्यावर आकडं पळत हुतं, निम्म्याच्या वर गेलतं. आता चालू हत्यार पुजायचं कसं? कडबाकुट्टी गरागरा फिरत असताना कोण कुकू लावतंय का? म्हणून पिन काढली. निजवलं. दारातल्या झाडाचं जास्वंदीचं फूल वाहिलं, उदबत्ती ओवाळली. आत काय चाललंय ते मला काय ठावं.

स्वप्नाली आली, फुलांची पिशवी टाकली, बटण दाबलं. पडदा काळाच. वर पांढऱ्या अक्षरात इंग्रजीत एक वळ आन् फुडं एक बारकी रेघ लुकलुकतीया. बाकी काय न्हाय.

रात्री विश्वजित फाउंड्रीतनं आला. ताटावर बसून म्हणाला, "सांगितलं हुतं तुला. सारखं कायतरी टाकत असतीस त्यात. बिघडंल न्हाय तर काय."

ती मान खाली घालून बसली. मी म्हणाले, "तुझी मोटारसायकल सुरू व्हत न्हाय तवा तू लाथा घालतोस. ह्येला बी घाल एक." त्यो हसला. ती न्हाय हसली.

तिची नोकरी अजून कच्ची हाय. पुण्याची कंपनी, घरात बसून काम. तीन म्हयने बघतो म्हणालेत. सोमवारी तिनं केलेलं काम सायबास्नी चालवून दाखवायचं, ते पसंत पडलं तरच पक्की. आन् ते काम त्या काळ्या पडद्याच्या आत.

अर्धी भाकरी झाकून ठेवली. साखर बगितली न्हाय.

२ ऑक्टोबर. दसरा

सगळी दुकानं बंद. आजच्या दिशी कोण येणार दुरुस्तीला.

स्वप्नालीची मैत्रीण हाय, भैरवी, शहरात राजारामपुरीत राहती, तिच्यासारखंच काम करती. तिला फोन लावला. मी शेजारी बसून आपट्याची पानं निवडत हुते. लई येळ बोलणं झालं. फोन ठेवल्यावर मी इचारलं, "मेलंय का जगंल?"

"मेलं न्हाय आई. आतलं सगळं असंल जागच्या जागी. फक्त उठवणारा गेलाय."

"म्हंजे?"

"बटण दाबलं की आधी एक बारका प्रोग्रॅम जागा व्हतो. बूट लोडर म्हणत्यात. त्यो बाकीच्यास्नी उठवतो. अपडेटमधी त्येचीच जागा बदलत हुती, तेवढ्यात लाईट गेली. आता त्येला काय सापडंना."

मला लगीच कळलं. तालमीत वस्ताद पहाटे काठी आपटतोय, तवा पोरं उठत्यात. पोरं हाईत, तेल हाय, माती हाय. वस्तादच न्हाय. मी तसं म्हणाले तर ती पयल्यांदा हसली. "तुम्ही माझ्या जागी मीटिंगला बसा," म्हणाली.

मी पानांचा ढीग फुडं ओढला.

तेवढ्यात बनाबाई सोनं घेऊन आली. पानं हातात दिली आन् काळा पडदा बघून म्हणाली, "काय झालं ग?"

"काल लाईट गेली ना मावशी, त्यात गेलं."

"काल? आमच्यात तर न्हाय गेली."

मी म्हणाले, "तुमची लाईन येगळी."

"येगळी कशी? आमची वायर तुमच्याच खांबावरनं आलीया की, झुंबराक्का."

मी तिच्या हातात दोन करंज्या कोंबल्या. करंजी तोंडात असली की बनाबाई बोलत न्हाय. पण स्वप्नाली माझ्याकडं बघत हुती. मी पानं निवडत ऱ्हायले. निवडून झालेली परत निवडली. मग तीच म्हणाली, "आपल्याच घरातला फ्यूज ढिला असंल. मला मागं बी वाटलं हुतं."

माझ्या खोट्याला तिनं ठिगळ लावून दिलं.

आन् मग दसऱ्याच्या दिशी, नवी कापडं घालून, माझा पोरगा स्टुलावर चढून मीटरचा बोर्ड उघडून बसला. फ्यूज काढला, घासला, तार बदलली. नसलेला बिघाड शोधायला माणसाला लई येळ लागतोय. त्येला एक झटका बसला. लई मोठा न्हाय, पण हाताला कोपरापतोर मुंग्या आल्या म्हणाला. मी त्येचा हात चोळून दिला. त्यो म्हणाला, "आई, तू कशापायी रडतीस? मला काय झालं न्हाय."

सोनं वाटायला सगळी पाया पडायला आली. मी आशीर्वाद दिले. कुणाच्या डोळ्याला डोळा दिला न्हाय.

३ ऑक्टोबर

भैरवीकडनं पेनड्राईव्ह आणायचा हुता. बोटाएवढी वस्तू. त्यात अशी काय व्यवस्था करून दिली की आपला कॉम्प्युटर तेवढ्यापुरता तिच्यावर उठतोय, मग आत जाऊन डागडुजी करता येती. म्हंजे दुसऱ्या तालमीचा वस्ताद उसना आणायचा.

मी म्हणाले मी बी येते. स्वप्नाली म्हणाली, "उनात कशाला आई?" मी हट्ट केला. घरात एकटीनं त्या यंत्राम्होरं बसवत नव्हतं.

भैरवी चांगली पोरगी हाय, च्या दिला, बिस्किटं दिली. नाकात बोलल्यागत शुद्ध बोलती. मी तिला म्हणाले, "तुमच्यात लाईट जाती का ग?" ती म्हणाली, "क्वचित. पण काकू, नुसती क्षणभर लाईट जाऊन एवढं होणं म्हणजे अगदीच वाईट नशीब. नेमकं त्याच मिनिटाला बंद पडायला पाहिजे."

मी च्या तसाच गरम गिळला. जीभ भाजली. बरं झालं म्हणाले मनात.

येताना बस रिकामी हुती. स्वप्नाली खिडकीशी. कसबा बावड्याच्या अलीकडं ऊस लागल्यावर म्हणाली, "सोमवारी जमलं न्हाय तर ह्यास्नी दोन म्हशी घ्यायच्या हाईत. ठरवूनच टाकलंय."

"मग काय, म्हशी काय वाईट? मी जन्मभर म्हशी केल्या."

"वाईट न्हाय आई. मला शेणाची लाज न्हाय. पण हे एक मला स्वतःला जमतंय. कुणी शिकवलं न्हाय, कुणी करायला लावलं न्हाय. हे गेलं तर मग मी फक्त कुणाची तरी सून आन् कुणाची तरी बायको." मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही घर बघतासा म्हणून तर मी तिथं बसू शकते. दुसरी सासू असती तर पयल्या म्हयन्यातच पिन काढून फेकली असती."

देवाशप्पथ, हेच शबुद. मी खिडकीबाहेर बघितलं. मी एवढी बोलकी, कुणाला सोडत न्हाय, कंडक्टरला बी सोडलं न्हाय जाताना. येताना उसाच्या सऱ्या मोजत बसले.

४ ऑक्टोबर, शनवार

सकाळी दूधपाणी उरकून बसलो. पेनड्राईव्ह लावला, बटण दाबलं, आन् पडदा उजळला! मी टाळ्या वाजवल्या. ती म्हणाली, "थांबा, हे आपलं न्हाय, पाहुण्याचं हाय." पण उजेड बघूनच मला बरं वाटलं.

आता भैरवीनं मोबाईलवर काय काय टाईप करायचं ते धाडलं हुतं. स्वप्नालीनं टाईप करायचं आन् मी मोबाईल धरून वाचून दाखवायचं. मला एबीसीडी येती. चष्मा लावला. मोकळी जागा आली की "जागा" म्हणायचं. तिरकी रेघ आली की ती स्लॅश म्हणती, मी "तिरकी काडी" म्हणते. 

"एम ओ यू एन टी. जागा. तिरकी काडी. डी ई व्ही. तिरकी काडी. एस डी ए..."

"फुडं?"

"एक."

"टाकलं. मग?"

"जागा. तिरकी काडी. एम एन टी. ह्येला काय अर्थ हाय का ग? का भैरवीचा मोबाईल कुणा पोरानं चिवडलाय?"

"अर्थ हाय. आपण आपली डिस्क ह्या पाहुण्याला जोडतोय. आता आत बघायचं."

तिनं दोन अक्षरं टाईप केली. खाली एकच वळ आली. ती वाचून तिच्या तोंडावरचं रगत गेलं.

"काय आलं?"

"लॉस्ट आणि फाउंड."

"म्हंजे?"

"हरवलेलं आन् सापडलेलं. त्या नावाचा रिकामा कप्पा. बाकी काय न्हाय आई. माझं कायच न्हाय ह्यात. सगळं गेलं."

तिनं परत परत तेच टाईप केलं. परत परत तेच आलं. मग खुर्ची मागं सारली आन् गुडघ्यात डोकं घालून रडली. लहान पोरगी रडती तशी न्हाय. आवाज न करता. फाउंड्रीतला नवरा जेवायला येईल, त्येला ऐकू जाऊ नये म्हणून बाई रडती तशी.

"माझंच चुकलं," म्हणाली. "सणाच्या दिशी अपडेट लावायचं काय नडलं हुतं? हे म्हणत्यात ते खरं हाय. मला दम न्हाय."

मी तोंड उघडलं. जिभेवर आलं हुतं. खरंच आलं हुतं.

मी म्हणाले, "च्या ठेवू का?"

च्या केला. चुलीपाशी उभी ऱ्हाऊन दूध उतू जाईस्तोवर बघत बसले. असली मी. पंचक्रोशीत कुणाची बी टर उडवणारी झुंबरबाई. पोलीसपाटलाला तोंडावर बोलले हुते एकदा. आन् सुनंला चार शबुद सांगायला मला भ्या वाटतंय.

५ ऑक्टोबर, रविवार

सकाळी मी जागी व्हायच्या आत ती तिथं बसलेली. डोळं सुजलेलं, पण हात चालत हुतं. मला बघून म्हणाली, "आई, मी काल येड्यागत केलं. डिस्कचं दोन भाग हाईत. मीच पाडलं हुतं घेतल्यावर. एक नंबरचा रिकामाच हुता, फुडं लागंल म्हणून ठेवलेला. भैरवीला ते ठावं नव्हतं, आन् मी घाबरून इसरले. माझं सगळं दोन नंबरात."

"मग बघितलंस?"

"एकटीनं बघायचं धाडस हुईना. चष्मा लावा."

मी चष्मा लावला. एम ओ यू एन टी. जागा. काडी. सगळं कालचंच, फकस्त एकाच्या जागी दोन. तिनं आत बघितलं. पडद्यावर नावंच नावं उतरली, दसऱ्याला चौकात माणसं यावीत तशी. तिनं एका नावावर बोट ठेवलं. "हे माझं काम. हाय. हाय आई!"

मग म्होरचं. पाहुण्याच्या अंगातनं आपल्या घरात शिरायचं, म्हंजे हुकूम आता आपल्या घराचा चालतोय. त्येला सीएच रूट म्हणत्यात. मी वाचत गेले, ती टाईप करत गेली. एका जागी मी आडवी काडी वाचायची इसरले तर यंत्र लगीच तक्रार करतंय. मी म्हणाले, "आमची सासू बी अशीच हुती. मीठ कमी पडलं की ताट सारायची." स्वप्नाली हसली. तिच्या बोटास्नी वेग आला.

शेवटचं हुतं वस्तादाला परत बसवायचं. ग्रब इन्स्टॉल. मी अक्षर न् अक्षर दोनदा वाचलं. तिनं बटण दाबलं आन् माझा हात धरला. जरा येळ काय न्हाय. मग दोन वळी आल्या.

"काय म्हणतंय?"

"इन्स्टॉलेशन फिनिश्ड. नो एरर रिपोर्टेड."

"मराठीत सांग की."

"काम झालं. चूक झाल्याचं कुणी कळवलेलं न्हाय."

मी माझा हात तिच्या हातातनं काढून घेतला. घाम आलाय म्हणाले.

मग तिनं आतल्या सगळ्यांची नवी यादी त्या वस्तादाला करून दिली, अपडेट अर्धं ऱ्हायलेलं ते बी पुरं केलं. पेनड्राईव्ह काढला. बंद केलं, परत चालू केलं. काळा पडदा. मग एक बारका ठिपका. मग तिचं ते जांभळं चित्र आलं. ती खुर्चीतनं उठून मला मिठी मारून नाचली. मी बी नाचले. साठीला टेकलेली बाई, कॉम्प्युटर उठला म्हणून मधल्या खोलीत नाचतीया. विश्वजित दारात येऊन बघत ऱ्हायला. मी त्येला म्हणाले, "बघतोस काय, तुझ्या दोन म्हशी पळाल्या!"

त्यो बी हसला. मग म्हणाला, "पण परत असं व्हायला नको. मी वायरमनला बोलावलंय मंगळवारी. सगळं घर नव्यानं वायरिंग करून घेऊ. भिती फोडाव्या लागतील, पण एकदाचं काम हुईल."

माझं नाचणं तिथंच थांबलं.

६ ऑक्टोबर, सोमवार

दार लावून बसली हुती. मी भाईर जोत्यावर. बनाबाई आली तर तिला हातानंच गप केलं. आतनं कधी इंग्रजी, कधी मराठी, कधी सायेब हसल्याचा आवाज.

दार उघडलं. ती पयली माझ्या पाया पडली. मी वळखलं. पक्की झाली.

"तुम्ही वाचलं म्हणून झालं आई."

बनाबाई म्हणाली, "झुंबराक्का, नशीब काढलंस बाई, असली सून." मी म्हणाले, "व्हय, मीच निवडली हुती. वांगी निवडताना चुकते पण सुना निवडताना न्हाय." सगळी हसली. चेष्टा करायला मला कधी अडत न्हाय. लाज गळ्यापतोर आली तरी तोंड आपलं चालू.

७ ऑक्टोबर

वायरमन आला. छिन्नी-हातोडा घेऊन. देवघराच्या भितीवर खडूनं रेघ मारली. पयला घाव घातला आन् गिलाव्याचा पोपडा खाली पडला. हे घर मालकांनी सोता उभं केलं, माती मी कालवली. दुसरा घाव घालायला त्येनं हात उचलला आन् मी वराडले, "थांब रं पावणं!"

सगळी बघायला लागली.

मी म्हणाले, "लाईट गेली नव्हती. पिन मी काढली. खंडेनवमीचं हत्यार निजवायचं म्हणून. पूजा करायची हुती. आन् मग घाबरून खोटं बोलले."

मला वाटलं आता धरणी पोटात घेईल तर बरं. मग विश्वजितच्या तोंडातनं फुर्रकन आवाज आला. त्यो हसत हुता. पोट धरून. वायरमन बी हसायला लागला. विश्वजित म्हणाला, "आन् मी झटका खाल्ला, आई!"

स्वप्नाली हसली न्हाय लगीच. माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. मग तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आन् म्हणाली, "देवाचं म्हणून केलंसा ना. जाऊ द्या. मीच सांगायला पायजे हुतं नीट."

मीच सांगायला पायजे हुतं, असं ती म्हणाली. मी गिलाव्याचा पोपडा उचलून भाईर टाकला.

वायरमन च्या पिऊन गेला. भितीला एक खड्डा ऱ्हायलाय.

१० ऑक्टोबर

मधी लिवलं न्हाय. लिवायसारखं चांगलं काय नव्हतं आन् वाईट लिवायला धीर नव्हता.

माझी गोष्ट गावभर झालीया. स्वप्नालीनं मीटिंगमधी सांगितलं, तिचे सायेब एवढे हसले म्हणं की डोळं पुसायला लागले. म्हणाले, तुमच्या सासूबाईंचं बरोबर हाय, यंत्राला बी एक दिवस इश्रांती पायजे. भैरवीचा फोन आला, "काकू, पुढच्या खंडेनवमीला माझं पण निजवायला या." दूध घालायला गेले तर बाया म्हणत्यात, "झुंबराक्का, आमच्या मोबाईलला बी कुकू लाव." सगळी कौतुकानं बोलत्यात. भोळी म्हणत्यात मला. देवभोळी. आजपतोर मला कुणी भोळी म्हणलं नव्हतं, आन् म्हणलं असतं तर मी त्येला सोडलं नसतं.

आज दुपारी स्वप्नालीनं खिडकीखालचं टेबल जरा सरकवलं आन् बाजूला माझं पोतं टाकलं. म्हणाली, "आई, तुम्ही हितंच बसून निवडत जा. मला सोबत हुती." मी बसले. ती टाईप करती, मी निवडते. मधीच ती मागं बघून हसून म्हणाली, "एकदम गरीब हायसा तुम्ही." मला सुपातला दाणा दिसंना झाला.

मग उठून ही डायरी काढली. लिवूनच टाकते. तोंडानं निघंल तवा निघंल.

त्या दिशी झेंडू आणायला निघताना ती दारात थांबून मला म्हणाली हुती, "आई, आत अपडेट चाललंय. पिनला हात लावू नका. मधीच बंद पडलं तर परत उठणार न्हाय." बनाबाई तिथंच उभी हुती. मी म्हणाले, "का ग, का न्हाय उठणार?" तवा ती बनाबाईकडं बघून हसली आन् म्हणाली, "जाऊ द्या आई, तुम्हास्नी न्हाय कळायचं." बनाबाई बी हसली.

मला कळलं हुतं. उठणार न्हाय, हे चांगलं कळलं हुतं. बनाबाई तिच्या घरात गेली, ती वळणावर दिसंनाशी झाली, आन् मी आत जाऊन पिन उपसली. फूल मागनं वाहिलं. पूजा सुचली ती पिन काढल्यावर.

देवाचं त्यात काय नव्हतं. मला तिची जिरवायची हुती.